आधीच ठरलेले असेल, तर?

"देवाच्या मर्जीशिवाय झाडाचे पानही हलत नाही." बारामती-इंदापूर भागात हे वाक्य कीर्तनाहून घरी निघालेला म्हातारा म्हणतो आणि रविवारची उपासना आटोपून परतणारी ख्रिस्ती बाईही म्हणते. म्हणताना दोघांनाही धीर येतो. पण घरातले कॉलेजात जाणारे पोर मध्येच विचारते, "मग चोरसुद्धा त्याच्याच मर्जीने चोरी करतो का? आणि तसे असेल तर शिक्षा चोराला कशाला?" त्याचा पुढचा प्रश्न आणखी अवघड असतो: "पाऊस पडला नाही, माणसे उपाशी मेली, तेही त्यानेच केले?"

या प्रश्नांवर ख्रिस्ती जग सोळाशे वर्षे भांडत आले आहे. त्यासाठी परिषदा भरल्या, पंथ फुटले, एका वृद्ध मुत्सद्द्याचे डोकेही उडाले. तिकडच्या भांडणाशी आपला काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण त्याच भांडणातून जन्मलेला एक पंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट बारामतीत येऊन राहिला. तिथे त्याची गाठ अशा एका कायद्याशी पडली की पोथीतला प्रश्न रोजच्या हजेरीच्या रांगेत उभा राहिला. त्या रांगेपर्यंत जायचे तर आधी थोडी पूर्वतयारी करावी लागेल.

१. एका प्रश्नात दोन प्रश्न

त्या पोराच्या तोंडून दोन वेगळे प्रश्न एकदम बाहेर पडले आहेत. ते सुटे केले की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिला प्रश्न तारणाचा. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मनुष्य पापात अडकलेला आहे आणि ख्रिस्तामुळे त्याची सुटका होते. या सुटकेला मराठी ख्रिस्ती माणूस 'तारण' म्हणतो. आता तारण कोणाचे होणार, हे देवाने जगाच्या आरंभाआधीच ठरवून ठेवले आहे का? 'होय' म्हणणाऱ्या शिकवणीला पूर्वनियोजन म्हणतात. तिचा मुख्य आधार बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा आणि नववा अध्याय, तसेच इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय.

दुसरा प्रश्न दुःखाचा. देव सार्वभौम आहे, म्हणजे त्याच्या वर कोणी नाही आणि त्याचा हात धरणारेही कोणी नाही. तो चांगलाही आहे. मग पटकी, दुष्काळ, लहान मुलांचे मरण हे सारे कुठून येते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीही असले तरी दुसरा उरतोच. पूर्वनियोजन मानणारा म्हणेल की दुःखही देवाच्या योजनेत बसते. न मानणारा म्हणेल की देवाने माणसाला मोकळीक दिली आणि दुःख त्या मोकळिकीतून आले. पण मोकळीक द्यायची हेही देवानेच ठरवले ना? म्हणजे फिरून गाडी त्याच स्टेशनात.

२. सटवाई, कर्म आणि देवाची निवड

आपल्याकडे 'आधीच ठरले आहे' म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक सटवाईचा लेख. बाळाच्या जन्मानंतर ती रात्री येते आणि कपाळावर लिहून जाते. काय लिहिते ते कोणाला वाचता येत नाही आणि खोडताही येत नाही. दुसरे कर्म. तिथे लिहिणारे आपणच असतो. हात मात्र मागच्या जन्मीचा.

ख्रिस्ती पूर्वनियोजन या दोन्हींहून निराळे आहे. सटवाईच्या लेखात आयुष्यभराचे भोग असतात, पूर्वनियोजनात मुख्यतः तारणाचा निर्णय असतो. कर्मात फळ हिशेबाने मिळते. इथे हिशेबच नाही, कारण निवड कशाच्याही बदल्यात झालेली नसते. तिचा सारा भर देवाच्या कृपेवर आहे. ही शिकवण निघाली ती माणसाची फुशारकी मोडण्यासाठी. "मी चांगला म्हणून देवाने मला उचलले," असे कोणाला म्हणता येऊ नये, हा तिचा मूळ हेतू. तिचा उपयोग पुढे भलत्याच कामासाठी झाला, ते नंतर येईलच.

भक्तीच्या मार्गात आपल्याकडेही या वादाचा जुना भाऊबंद आहे. रामानुजाचार्यांच्या अनुयायांत दोन तट पडले. एका तटाचा दाखला माकडाच्या पिलाचा: आई उडी मारते, पण पिलाने तिला घट्ट धरावे लागते. दुसऱ्याचा मांजरीच्या पिलाचा: पिलू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. हे मर्कट-न्याय आणि मार्जार-न्याय जुन्या पंडितांच्या बोलण्यात सर्रास असत. बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांची 'केकावली' ही अशाच एका भक्ताची आळवणी आहे. आपल्या पदरी पुण्य नाही हे कबूल करून तो देवाला म्हणतो की आता तुझ्या दयेवाचून गती नाही. ख्रिस्ती पूर्वनियोजनवाद्याला ती कविता समजावून सांगावी लागली नसती.

३. पाट वरून सुटतो की दार आपण उघडतो?

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा ब्रिटनकडचा एक साधुवृत्तीचा उपदेशक होता. त्याचे म्हणणे सरळ होते. देवाने आज्ञा दिली आहे, त्याअर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसात असलीच पाहिजे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याला हे मुळीच पटले नाही. तरुणपणी आपल्या वासनांशी झुंजताना आपली इच्छाशक्ती किती लुळी आहे, हे त्याने अनुभवले होते. त्याने मांडले की आदामापासून सगळी मानवजात पापाने ग्रासली आहे आणि देवाने आधी हात दिल्याशिवाय कोणीही त्याच्याकडे वळूच शकत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत धिक्कारले.

अकराशे वर्षांनी जिनिव्हात जॉन कॅल्विनने (१५०९ ते १५६४) हा धागा शेवटपर्यंत ओढला. देवाने काहींना तारणासाठी नेमले आणि बाकीच्यांना नाशासाठी, असे त्याने लिहिले. हा ठराव भयंकर आहे, हेही त्यानेच लिहून ठेवले. शिवाय देवाच्या गुप्त ठरावात डोकावण्याचा चोंबडेपणा करू नका, अशी त्याची ताकीद होती. त्याच्या अनुयायांपैकी अनेकांनी पहिला भाग पाठ केला आणि ताकीद सोडून दिली.

हॉलंडमधल्या लायडनचा प्राध्यापक याकोब आर्मिनियस (१५६० ते १६०९) कॅल्विनच्याच परंपरेत शिकलेला. त्याला प्रश्न पडला की असा ठराव असेल तर पापाचा कर्ता शेवटी देवच ठरत नाही का? त्याच्या मागून त्याच्या शिष्यांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन काढले. उत्तरादाखल डॉर्ट गावी १६१८-१९ मध्ये मोठी धर्मसभा भरली आणि तिने ही पाचही कलमे फेटाळली.

निरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हा वाद पटकन समजेल. डॉर्टच्या मताप्रमाणे कोणत्या शेताला पाणी मिळणार, याची यादी वरून ठरून आली आहे. शेत कसदार आहे की मुरमाड, मालक कष्टाळू आहे की आळशी, याच्याशी तिचा संबंध नाही. यादीतल्या शेताला पाणी मिळणारच, ते अडवता येत नाही आणि मध्येच तुटतही नाही. आर्मिनियसच्या मताप्रमाणे पाणी सगळ्या चाऱ्यांना सुटले आहे, पण दार ज्याचे त्याने उघडायचे. उघडले नाही तर दोष पाटकऱ्याचा नाही. यावर कॅल्विनचा माणूस म्हणेल, "अहो, शेतकरी बांधावर मरून पडला आहे. दार उघडणार कोण?" आर्मिनियसचा माणूस म्हणेल, "पाण्याचा पहिला लोंढाच त्याला शुद्धीवर आणतो. त्यानंतरचे त्याच्या हातात."

आता एक उदाहरण सोडवून पाहू. दोन भाऊ एकाच घरात वाढले, एकाच पाळकाचे एकच प्रवचन त्यांनी ऐकले. थोरल्याने विश्वास ठेवला, धाकट्याने नाही. फरक कशाने पडला? 'देवाने थोरल्याचे मन उघडले म्हणून' असे म्हणाल, तर धाकटा विचारेल की मग माझा दोष काय? 'थोरल्याने स्वतः होकार दिला म्हणून' असे म्हणाल, तर थोरल्याला मिशीवर ताव मारायला जागा मिळते: मी धाकट्याहून शहाणा. पहिले उत्तर देवाच्या न्यायाला अडचणीत आणते आणि दुसरे त्याच्या कृपेला. सोळाशे वर्षांचा वाद या दोन ओळींत मावतो. दोन्ही अडचणींतून एकदम सुटलेले उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

कॅथलिकांची गंमत वेगळीच. डोमिनिकन आणि जेझुइट या त्यांच्या दोन संघांत हाच वाद पेटला आणि रोमपर्यंत गेला. १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने सांगितले की दोघांनीही एकमेकांना पाखंडी म्हणू नये, निकाल योग्य वेळी कळवला जाईल. तो निकाल अजून कळवलेला नाही. हॉलंडमध्ये असा समजूतदारपणा नव्हता. धर्मसभा संपत आली त्याच महिन्यात, मे १६१९ मध्ये, आर्मिनियसच्या बाजूच्यांना पाठीशी घालणारा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट याचा राजद्रोहाच्या आरोपाखाली शिरच्छेद झाला. त्याचा सहकारी, कायदेपंडित ग्रोशियस, जन्मठेपेत पडला आणि दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत लपून तुरुंगातून निसटला.

४. केंटकीहून बारामतीकडे

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने कॅल्विनची बाजू धरली. १६४६ मध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा तिने प्रमाण मानला. हीच परंपरा घेऊन जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या ज्या शाळेत जोतीराव फुले शिकले, तिच्या मागेही हीच परंपरा होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिक्षणात कॅल्विनच्या वारसदारांचाही वाटा होता.

बारामतीत आले ते मात्र या परंपरेतून रुसून निघालेले. त्याची कथा अमेरिकेत सुरू होते. बार्टन स्टोन (१७७२ ते १८४४) हा केंटकीतला प्रेस्बिटेरियन पाळक. त्या काळच्या कडक कॅल्विनवादी मंडळीत माणसे वर्षानुवर्षे आपण निवडलेल्यांत आहोत की नाही याची खूण शोधत बसत. रडत, प्रार्थना करत, देवाकडून काहीतरी आतून जाणवेल याची वाट पाहत. ती अवस्था स्टोनने स्वतः भोगली होती. १७९८ मध्ये दीक्षा घेताना विश्वासनामा मान्य आहे का, असे विचारल्यावर, देवाच्या वचनाशी जुळतो तेवढा मान्य आहे, असे त्याने सावध उत्तर दिले. ऑगस्ट १८०१ मध्ये केन रिज येथे हजारोंच्या सभेत सर्व पंथांचे लोक एकत्र रडताना आणि पश्चात्ताप करताना त्याने पाहिले. तिथून त्याचे मन पक्के झाले: सुवार्ता ऐकणारा कोणीही तिच्यावर विश्वास ठेवू शकतो, आधी खूण लागत नाही. १८०४ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी आपली प्रेस्बिटेरी, म्हणजे मंडळ्यांचे स्थानिक मंडळ, स्वतःच मोडली आणि तिचे मृत्युपत्रही छापले. पंथाच्या मरणाचे मृत्युपत्र लिहिणारी माणसे इतिहासात थोडीच.

दुसरीकडे आयर्लंडहून आलेले थॉमस कॅम्पबेल आणि त्यांचा मुलगा अलेक्झांडर (१७८८ ते १८६६) हे पितापुत्र त्याच निष्कर्षाला आले. दोन्ही गट १८३२ मध्ये एक झाले. त्यांच्यात मानवनिर्मित विश्वासनामा नाही, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन दर रविवारी. विश्वास, पश्चात्ताप, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, पापांची क्षमा, पवित्र आत्म्याचे दान: वॉल्टर स्कॉट नावाचा त्यांचा प्रचारक मुलांना हे पाच बोटांवर मोजायला शिकवी. पहिली तीन बोटे माणसाच्या करण्याची, पुढची दोन देवाच्या देण्याची. पूर्वनियोजनाला या पंजात बोटच नव्हते.

ही चळवळ 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या नावाने ऑस्ट्रेलियात रुजली. तिथल्या मंडळ्यांनी मेरी थॉम्पसन यांना १८९१ मध्ये मध्य प्रांतातल्या हरद्याला पाठवले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारामतीला स्वतःचे ठाणे घातले. पुढे श्रीगोंदे, दौंड, इंदापूर अशी त्यांच्या कामाची साखळी तयार झाली.

५. जन्मानेच नेमलेले

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्याचा रस्ता मोकळा झाला आणि भामटे, कैकाडी, पारधी, मांग-गारुडी यांसारख्या समाजांवर त्याचा वरवंटा फिरला. एखाद्या जमातीला एकदा सरकारी गॅझेटात 'गुन्हेगार' म्हटले की त्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येकाकडे पोलीस त्याच नजरेने पाहत. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, गावाबाहेर जायचे तर पास. सरकारला वाटले तर सगळ्या कुटुंबाला वसाहतीत नेऊन ठेवता येई. मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचीही तरतूद कायद्यात होती.

कायद्याच्या समर्थनासाठी जो युक्तिवाद झाला तो या प्रकरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तसेच गुन्हा हा ज्यांचा जातिधंदा आहे त्यांची मुलेही गुन्हाच करणार. त्यांचे तसे नेमलेलेच आहे. पूर्वनियोजनाची ही सरकारी आवृत्ती. फरक इतकाच की ठराव देवाचा नव्हता, आणि तो गुप्तही नव्हता. तो छापून प्रसिद्ध होत असे.

बारामतीतही अशी एक वसाहत होती, आणि तिचा कारभार सरकारने या ऑस्ट्रेलियन मिशनकडे सोपवला होता. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनऱ्यांकडे मनुष्यबळ आणि शाळांचा अनुभव होता, सरकारला खर्चात बचत हवी होती, दोघांचे जमले.

'कोणीही आधीच नेमलेला नसतो, ऐकणारा प्रत्येक जण स्वतः वळू शकतो' ही ज्या पंथाची जन्मकथा, त्याच पंथाच्या माणसांनी 'हे जन्मतः नेमलेले आहेत' म्हणणाऱ्या कायद्याचे फाटक सांभाळले. शाळेत त्यांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे वागून मुलांना वाचायला शिकवले, धंदे शिकवले, कारण माणूस बदलू शकतो यावर त्यांचा खरा विश्वास होता. फाटकावर मात्र त्यांनी सरकारच्या श्रद्धेप्रमाणे वागून हजेरी घेतली. मिशनऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. पण सुधारण्यासाठी डांबलेल्या माणसाला आधी कबूल करावे लागते की आपण बिघडलेले आहोत. ज्याने चोरी केलीच नव्हती त्या कैकाड्याने कशाचा पश्चात्ताप करायचा होता?

कोणी म्हणेल, ऑगस्टीननेही सगळे जन्मतः पापी म्हटले आहे, मग सरकारने वेगळे काय केले? फरक फार मोठा आहे. ऑगस्टीनच्या हिशेबात कलेक्टर, फौजदार, मिशनरी आणि पारधी एकाच ओळीत पापी. तिथे कोणी कोणाची हजेरी घेऊ शकत नाही. कायद्याने त्या ओळीतले काही लोक उचलून वेगळे उभे केले आणि उरलेले आपोआप निर्दोष ठरले.

इथे मला या सगळ्या वादातली एक गोष्ट नेमकी दिसते. 'देवाने निवडले' हे वाक्य माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा त्यात नम्रता असते: माझे काही नव्हते, सगळे त्याने दिले. 'केकावली'तला भक्त असाच बोलतो, ऑगस्टीन असाच बोलतो. तेच वाक्य दुसऱ्याबद्दल उच्चारले, 'त्याचे तसे नेमलेलेच आहे', की त्याचा शिक्का होतो. कॅल्विनची डोकावू नका ही ताकीद याच जागेसाठी होती. कर्माच्या सिद्धांताचेही आपल्याकडे असेच झाले. आपल्या दुःखात धीर देणारे तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या पाटीवर लिहिले गेले आणि अस्पृश्यतेचे समर्थन बनले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. भटक्या-विमुक्तांचे समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी शिक्का टिकला. फलटण तालुक्यात वाढलेले लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. कायदा रद्द होऊन तीस-पस्तीस वर्षे उलटल्यावरही मराठी वाचकाला त्या पुस्तकांतले बरेच काही नवीन वाटले, यावरून शिक्क्याच्या आतले जग किती दूर होते ते कळते.

६. दुष्काळ कोणाचा?

आता दुसरा प्रश्न, दुःखाचा. त्यासाठी इंदापूरइतकी चांगली जागा मिळायची नाही.

कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. तो इतका जड झाला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नवी पद्धत बसवली, आणि तिची सुरुवात इंदापूर तालुक्यातून झाली. साऱ्याचे दर तीस वर्षांसाठी पक्के केले. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरातच फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. त्याआधी दोन वर्षे अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते. शेतकरी सावकाराकडे गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ठिणगी ती. लगेच पुढच्या वर्षी पाऊस गेला आणि १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला.

यातले देवाचे किती, निसर्गाचे किती आणि माणसाचे किती? पाऊस न पडणे माणसाच्या हातात नव्हते. घरात धान्य नसणे, गहाण जमीन, रिकामी कणगी हे मात्र सारा आणि व्याज यांचे काम होते. फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचा जाब नशिबाला विचारलेला नाही. भट, सावकार आणि सरकारी कामगार यांना विचारला आहे. १८७७ मध्ये दुष्काळातल्या मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्र उघडण्यात सत्यशोधकांचा पुढाकार होता.

बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. सज्जन मनुष्य, मुले मरतात, संपत्ती जाते, अंगभर गळवे उठतात. देवाने दिले ते देवाने परत घेतले, असे तो सुरुवातीला स्वतःपुरते म्हणतो. तीन मित्र भेटायला येतात, सात दिवस मुकाट बसतात (इथवर ते शहाणे होते) आणि मग त्याला समजावू लागतात: तू काहीतरी केले असशील, देव अन्याय करीत नाही. पोथीच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. देवाची बाजू मांडणाऱ्यांवरच.

नव्या करारातही हेच. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा सवाल येशू लूकच्या तेराव्या अध्यायात टाकतो आणि स्वतःच नाही म्हणतो. योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? तिथेही उत्तर: दोघांचेही नाही. पाठोपाठ येशू त्याच्या डोळ्यांना माती लावतो. वसाहतीच्या हजेरीच्या रांगेकडे पाहून हाच प्रश्न विचारला असता, तर कायद्याचे उत्तर होते: आईबापांचे, आणि म्हणून याचेही.

दौंड तालुक्यातल्या केडगावची कथा इथे जोडून सांगितली पाहिजे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण मद्रास इलाख्यातल्या १८७० च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेली. व्रते, उपवास, दानधर्म सगळे करून झाले होते. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षे व्हायच्या आत नवराही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मान तुकवून नव्हे; तिथल्या बाईंशी आणि पाद्र्यांशी त्यांचे पत्रांतून झडलेले वाद प्रसिद्ध आहेत. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करून. आपल्या आयुष्याबद्दल त्या 'देवाने मला इथे आणले' असे बोलत. दुसऱ्याच्या दुष्काळात मात्र त्या बैलगाडी, धान्य आणि छप्पर यांची सोय पाहत.

बारामतीच्या मिशननेही पुढे तोच मार्ग धरला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अवर्षणाने गाठले तेव्हा 'कासा' या चर्चच्या मदतसंस्थेकडून आलेले धान्य मजुरीच्या रूपाने देऊन तालुक्यात पाझर तलाव खोदले गेले. शरद पवार आणि त्यांचे बंधू अप्पासाहेब यांच्या पुढाकाराने त्या कामातून पुढे कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. तलावावर माती वाहणाऱ्यांत हिंदू किती, ख्रिस्ती किती, निवडलेले किती, हे कोणी विचारले नाही.

७. मग वादाचे काय झाले?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात कॅल्विनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आले, आर्मिनियसचा वारसा सांगणारे मेथडिस्ट आले आणि स्टोन-कॅम्पबेलच्या चळवळीतले डिसायपल्सही आले. डॉर्टचा प्रश्न सोडवून ते एकत्र आले नाहीत, बाजूला ठेवून आले. आज एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एक त्या दोन भावांच्या उदाहरणातले पहिले उत्तर मानतो आणि दुसरा दुसरे, आणि उपासनेनंतर दोघे मिळून चहा पितात. मला यात कमीपणा वाटत नाही.

तरीही हा वाद स्वतः तपासून पाहायची इच्छा असेल तर रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडा. कुंभार आणि मातीचा दाखला तिथे आहे आणि पूर्वनियोजनाची बरीच कठोर वाक्ये तिथूनच उचललेली आहेत. पण तिथे पुस्तक मिटू नका. पौल तो विषय अकराव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत नेतो आणि तिथे देवाने सर्वांवर दया करावी असे म्हणतो. पाठोपाठ तो कबूल करतो की देवाचे मार्ग आपल्याला शोधून काढता येत नाहीत. तीनही अध्याय एका बैठकीत वाचा. अर्धा तासही लागत नाही.